सोबतीतला तोतया

चेहरा बदलतो, आवाज बदलतो, उंची कमीजास्त होते. चपला मात्र त्याच राहतात. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या 2014च्या नियमांत डॉपेलगँगर नावाच्या प्राण्याचं वर्णन आहे. कोणाही माणसाचं हुबेहूब रूप घेणं हा त्याचा धंदा. त्या वर्णनात जाताजाता सांगून टाकलंय, की रूप पालटलं तरी अंगावरचं आणि हातातलं सामान पालटत नाही. नवखा खेळाडू ही ओळ वाचून पुढे जातो. मुरलेला तिथे थांबतो. लाकडं आणायला गेलेला सोबती अर्ध्या तासाने परत आला आणि त्याच्या पायात दुसरेच जोडे दिसले, तर तलवारीला हात घालायला हरकत नाही. जोडे त्याचेच असतील, तर प्रश्न जास्त वाईट आहे: ते ज्याचे होते तो आता कुठे पडलाय?

हा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी 1974 साली तो बाजारात आणला. टेबलाभोवती चारपाच जण बसतात. प्रत्येक जण एक पात्र चालवतो. कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी पुजारी, कोणी जादूगार. त्यांची मिळून होते ‘पार्टी’. समोर बसलेला डंजन मास्टर, म्हणजे डीएम, उरलेलं सगळं जग चालवतो: राजे, दुकानदार, राक्षस, पाऊस. काय जमलं आणि काय फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. डॉपेलगँगर या खेळात 1975च्या ‘ग्रेहॉक’ या पहिल्या पुरवणीपासून आहे. त्याचं नाव जर्मन, जाँ पाउल या लेखकाने 1796 साली आपल्या कादंबरीत वापरलेलं. खेळात आल्यावर मात्र त्या शब्दातली कविता गेली आणि आकडे आले: बावन्न प्राणबिंदू, फसवणुकीच्या फाशावर अधिक सहा, आणि मन वाचण्याची शक्ती.

टेबलावर या प्राण्याची खरी गंमत अशी, की तो ज्याची जागा घेतो ते पात्र कोणीतरी चालवत असतं. वाटेत भेटलेला वाटाड्या तोतया निघाला तर डीएमचंच पात्र फिरलं, फार धक्का बसत नाही. पण पार्टीतल्या चोराचीच अदलाबदल करायची तर डीएमला त्या खेळाडूला कटात घ्यावं लागतं. मग तो बाजूच्या खोलीत बोलावतो, किंवा चिठ्ठी सरकवतो: ‘तू आता तू नाहीस. मूळचा तू तळघरात बांधलेला आहेस. पुढे तुझ्यासारखाच वाग.’ आणि तिथेच पंचाईत होते. चिठ्ठी सरकलेली सगळ्यांनी पाहिलेली असते. पात्रांना काही कळलेलं नसतं, ती चालवणाऱ्यांना मात्र सगळा वास आलेला असतो. पात्राला ठाऊक नसलेली गोष्ट खेळाडूने पात्राकडून वापरून घेणं याला खेळणारे ‘मेटागेमिंग’ म्हणतात आणि त्याला नावं ठेवतात. ठेवोत. चिठ्ठी पाहूनही न पाहिल्यासारखं करणं हे बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचं काम आहे. त्यामुळे हुशार डीएम पहिल्या दिवसापासून चिठ्ठ्या वाटत राहतो. कोणाला लिहितो, ‘तुला भूक लागली आहे’. कोणाला कोराच कागद देतो आणि वाचून झाल्यावर मान हलवायला सांगतो. महिनाभराने खरी चिठ्ठी जाते, तेव्हा तिच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही.

आता तोतया टेबलावर बसला आहे असं धरू. त्याला ओळखायचं कसं?

पहिला उपाय सगळे करतात तो: त्याच्याकडे निरखून पाहायचं. खेळात याला ‘इन्साइट’चा फासा म्हणतात. खेळाडू आपला फासा टाकतो, तोतयाच्या वतीने डीएम फसवणुकीचा टाकतो, ज्याचा आकडा मोठा तो जिंकला. बरोबरी झाली तर तोतयाचं निभावतं. माणसं वाचण्यात तरबेज पात्राला अधिक पाच मिळतात असं समजू. तोतयाचे अधिक सहा. चारशे शक्यता मांडून मोजल्या तर अशा पात्राला तोतया ओळखता येण्याची संधी पडते सुमारे 43 टक्के. ज्याला काहीच अधिक मिळत नाही अशा साध्या योद्ध्याला 23 टक्के. इथवर ठीक. पण हा प्राणी मन वाचतो. ज्याचं मन तो वाचत असेल त्याच्यासमोर फसवणुकीचा फासा त्याला दोनदा टाकायला मिळतो आणि मोठा आकडा धरला जातो. आता तरबेजाची संधी उतरते 26 टक्क्यांवर, योद्ध्याची 10 टक्क्यांवर. निरखून पाहणं हा इतका महागडा उपाय आहे.

शिवाय फासा हरल्यावर डीएम सांगतो, ‘तुला काही वावगं जाणवत नाही.’ समोरचा खरा असता तरी त्याने हेच सांगितलं असतं. म्हणजे दहा वेळा निरखून पाहिलं तरी माहिती जिथल्या तिथे. खेळाचे नियम लिहिणाऱ्यांनी माणसाला फार कमी लेखलं असं कोणाला वाटेल, तर खऱ्या माणसांचा हिशेब काही वेगळा नाही. चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली खोटं पकडण्यावरच्या दोनशेहून अधिक अभ्यासांचा एकत्र लेखाजोखा मांडला. त्यात 24,483 जणांनी दिलेले निवाडे होते. खरं की खोटं हे बरोबर सांगण्याचं प्रमाण निघालं 54 टक्के. नाणं उडवलं तर पन्नास. त्यातही खऱ्याला खरं म्हणण्यात माणसं बरी होती, खोट्याला खोटं म्हणण्यात निम्म्याहून कमी वेळा यशस्वी. समोरच्यावर विश्वास ठेवणं हा आपला मूळचा कल आहे आणि तोतया त्यावरच जगतो.

दुसरा उपाय सिनेमे पाहून सुचतो: फक्त आपल्या दोघांनाच ठाऊक असलेलं काहीतरी विचारायचं. ‘माझ्या कुत्र्याचं नाव काय?’ उत्तर येतं, अगदी बरोबर येतं आणि सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. इथे मला दर वेळी हसू येतं. प्रश्न विचारणाऱ्याच्या डोक्यात त्या क्षणी काय असतं? कुत्र्याचं नावच ना! साठ फुटांच्या आत असलेल्या एकाच्या मनात त्या घडीला जे वर तरंगत असेल, ते या प्राण्याला वाचता येतं. प्रश्न विचारून आपण उत्तर त्याच्या हातात ठेवतो. ‘तळ्यात बुडता बुडता वाचलो ते आठवतं का’ असा न घडलेला प्रसंग विचारून पाहावा, तर आपण थाप मारतोय हेही आपल्याच मनात वर आलेलं असतं.

यावरची तोड नियमातच दडली आहे. तो एका वेळी एकाचंच मन वाचतो. त्यामुळे प्रश्न विचारणारा आणि उत्तर जाणणारा हे दोघे वेगळे हवेत, आणि जाणणारा साठ फुटांच्या पलीकडे असला तर उत्तम. मध्ये दोन फूट दगडाची भिंत किंवा शिशाचा पातळ पत्रा असला तरी चालतो, त्यांच्यापलीकडचं मन त्याला वाचता येत नाही. पुजाऱ्याने टेकडीपलीकडे जाऊन थांबायचं. चोराला प्रश्न विचारायचा तो त्या दोघांच्या लहानपणीचा, ज्याचं उत्तर विचारणाऱ्याला माहीतच नाही. मग उत्तर घेऊन टेकडी चढायची. कटकट आहे, पण जीव वाचतो.

तिसरा उपाय सर्वांत साधा, आणि का कोण जाणे, सर्वांत उशिरा सुचणारा: काम सांगायचं. नियम म्हणतात, की रूप बदलल्याने या प्राण्याच्या अंगी नवं कसब येत नाही. पुजाऱ्याचा चेहरा आला म्हणून पुजाऱ्याचे मंत्र येत नाहीत. तेव्हा अंधार पडल्यावर पुजाऱ्याला सहज म्हणावं, ‘जरा उजेड कर रे.’ उजेडाचा मंत्र हा त्यांच्यातला सर्वांत हलका, कितीही वेळा म्हणता येणारा. खरा पुजारी कुरकुरत उजेड करील. तोतया म्हणेल, आज थकलोय. आवाज नको, कोणी ऐकेल. मशालच पेटवा ना. जादूगारणीकडून रोजचीच एखादी जादू मागावी, चोराला कुलूप द्यावं, वादकाला वाद्य द्यावं. पार्टीत ‘मूनबीम’ म्हणजे चंद्रप्रकाशाचा झोत पाडणारा ड्रुइड असेल तर प्रश्नच मिटतो, कारण त्या झोतात रूप पालटणाऱ्याचा फासा फसला की मूळ रूप उघडं पडतं. फक्त त्या झोताने इजाही होते, आणि आत उभा असलेला खरा निघाला तर रात्रीचं जेवण अबोल होतं.

खऱ्या इतिहासातला सर्वांत गाजलेला तोतयाचा खटलाही चपलांपर्यंत गेला होता. फ्रान्समधल्या आर्तिगा गावचा मार्तँ गेर 1548 साली घर सोडून गेला. 1556 साली एक माणूस ‘मीच मार्तँ’ म्हणत आला. त्याला गावातल्यांची नावं ठाऊक होती, घरातल्या जुन्या गोष्टी ठाऊक होत्या. बायको बेर्त्राँदने त्याला घरात घेतलं, मुलं झाली. पुढे मालमत्तेवरून काकाशी बिनसलं आणि प्रकरण न्यायालयात गेलं. साक्षीला आलेल्यांत गावचा चांभार होता. त्याने सांगितलं, या माणसाचा पाय माझ्या मार्तँच्या पायापेक्षा लहान आहे. बाकीच्यांच्या आठवणी परस्परांना छेद देत होत्या. 1560 साली तुलूझच्या न्यायालयात आरोपी सुटण्याच्या बेतात असताना खरा मार्तँ लाकडी पाय टेकत दारात उभा राहिला. तोतया आर्नो द्यु तिल फासावर गेला.

बेर्त्राँद खरोखर फसली की फसणं तिला सोयीचं होतं, यावर इतिहासकार अजून भांडतात. मला त्या भांडणात निकाल नको आहे, त्यातला प्रश्न हवा आहे. आठ वर्षं नवऱ्याविना काढलेल्या बाईला दारात उभ्या असलेल्या माणसाचे जोडे मोजावेसे का वाटतील? आपल्याकडचा तोतया हा शब्द उच्चारला की भाऊसाहेबांचा तोतया आठवतो. 1761मध्ये पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण ते वाचले असावेत ही आशा पुण्यात मेली नव्हती. त्या आशेवर एक जण उभा राहिला, पकडला गेला, 1776मध्ये रत्नागिरीच्या कैदेतून सुटला तर कोकणात त्याच्यामागे फौज उभी राहिली. त्याच वर्षी त्याला पुण्यात देहदंड झाला. तोपर्यंत त्याच्या चेहऱ्यापेक्षा लोकांची गरजच त्याच्या जास्त उपयोगी पडली होती.

संगणकावरच्या भूमिका-खेळांनी ही गरजेची नस बरोबर पकडली. कॅनडातल्या बायोवेअर कंपनीचा ‘बाल्डर्स गेट 2’ 2000 साली आला. त्यात खेळ सुरू होतो तो आयरेनिकस या जादूगाराच्या तळघरात. तुमचे सोबती पिंजऱ्यांत कोंडलेले, छळलेले. त्याच तळघरात योशिमो भेटतो. हा मोकळा फिरतोय, हत्यार जवळ आहे, मस्करी करतोय. म्हणतो, मीही पकडलो गेलोय, मला घ्या सोबत. एवढी उघड खूण, आणि तरी लाखोंनी त्याला घेतलं. का? कारण पुढच्या शहरात जागोजागी सापळे आणि कुलपं आहेत, आणि खेळात मिळणाऱ्या सोबत्यांत निव्वळ चोर असा हा एकटाच. बाकीचे चोर अर्धे जादूगार. ज्याच्यावाचून अडतं त्याची उलटतपासणी कोण घेतो! पुढे स्पेलहोल्डच्या वेड्यांच्या कोठडीत योशिमो उलटतो. आयरेनिकसने त्याला मंत्राच्या बंधनात अडकवलेलं असतं, बंधन मोडलं तर मरण. बिचाऱ्याची कीव येते. इल्माटर देवाच्या पुजाऱ्याकडे त्याचं काळीज नेऊन त्याला मुक्ती देण्याची सोयही खेळात ठेवलेली आहे.

त्याच्या आधीच्या, 1998च्या भागात डॉपेलगँगर स्वतःच आहेत, आणि त्यांची चाल जास्त क्रूर आहे. कँडलकीप या ग्रंथनगरीच्या तळघरात तुम्ही उतरता आणि लहानपणापासूनचे ओळखीचे चेहरे भेटायला लागतात. एक चेहरा गोरायनचा, तुम्हाला वाढवणाऱ्या बापाचा. तो खेळाच्या सुरुवातीलाच तुमच्यासमोर मारला गेलेला असतो. आता तो सांगतो, मी मेलोच नव्हतो. इथे फासा लागत नाही, मंत्र लागत नाही. तुम्ही त्याला मरताना पाहिलंय. तरीही कितीतरी खेळाडू त्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतात.

बेल्जियमच्या लेरियन स्टुडिओने 2023 साली ‘बाल्डर्स गेट 3’ आणला, तेव्हा दोन्ही जातींचे तोतये त्यात घातले. ओरिन नावाची रूप पालटणारी खुनी बाई तिसऱ्या अंकात तळावरच्या लेझेल, गेल यांच्यासारख्या ठरावीक सोबत्यांपैकी एकाला पळवते आणि त्याच्या रूपात तुमच्या शेकोटीशी येऊन बसते. पण मला तिच्यापेक्षा अस्टॅरियनचं प्रकरण जास्त आवडतं. तो दुसऱ्या कोणाचं रूप घेत नाही, आपण काय आहोत एवढंच लपवतो. तो रक्तपिपासू व्हँपायर आहे. व्हँपायर उन्हात जळतात हे शाळकरी पोरालाही माहीत, आणि हा पहिल्या भेटीतच भर उन्हात उभा! डोक्यात शिरलेल्या किड्याच्या प्रभावाने त्याला ऊन सोसतं, हे तुम्हाला तेव्हा ठाऊक नसतं. म्हणजे सर्वांत प्रसिद्ध खूण लेखकांनी आधीच निकामी करून टाकली. पण बदल्यात दुसऱ्या ठेवल्या. त्याच्या मानेवर दोन जुने व्रण आहेत, कॅमेरा जवळ नेला की दिसतात. वाटेत एक रानडुक्कर मरून पडलेलं आहे, अंगात रक्ताचा थेंब नाही. हे जोडलं तर त्या रात्री तुम्ही जागे राहता. नाही जोडलं, तर झोपेत कोणीतरी गळ्याशी वाकलेलं असताना जाग येते.

या खुणा ठेवणं लेखकांवर बंधनकारक असतं का? माझ्या मते असतं, आणि चांगल्या खेळाची पारख तिथेच होते. महाभारतातल्या नळ-दमयंतीच्या गोष्टीत स्वयंवराला पाच नळ येऊन बसतात. एक खरा, बाकीचे इंद्र, अग्नी, वरुण, यम. दमयंतीने देवांची लक्षणं थोरांकडून ऐकलेली असतात. ती डोळे ताणून पाहते, पण एकही लक्षण दिसत नाही, पाचही सारखेच. शेवटी ती देवांचीच विनवणी करते, आणि ते आपली लक्षणं उघड करतात: अंगाला घाम नाही, पापणी लवत नाही, हार सुकत नाही, पाय जमिनीला टेकत नाहीत, सावली पडत नाही. ज्ञान तिच्याकडे होतं, पण समोरच्याने खूण दाखवल्याशिवाय ते कुचकामी होतं. डीएम आणि खेळाचा लेखक हे त्या देवांच्या जागी आहेत. त्यांनी ठरवलं तर तोतया कधीच सापडणार नाही, कारण जग त्यांचंच आहे. त्यांनी घाम पुसायचा की नाही, सावली पाडायची की नाही हे ठरवायचं असतं. सामान पालटत नाही ही नियमातली ओळ म्हणजे अशी पाडलेली सावलीच.

खुणा मुळीच नसल्या की काय होतं, ते दुसऱ्या एका खेळात पाहता येतं. मॉस्को विद्यापीठात मानसशास्त्र शिकणाऱ्या दिमित्री दाविदोव्हने 1986 साली ‘माफिया’ रचला; अँड्र्यू प्लॉटकिनने 1997 साली त्यात लांडगामानव घालून त्याला परीकथेचा वेश चढवला. तिथे ना जोडे, ना मंत्र. फक्त बोलणं आणि मतदान. 2008 साली ब्रेव्हरमन, एतेसामी आणि मॉसेल यांनी त्याचं गणित मांडलं. गुपचूप तपास करणारा कोणी नसेल, तर लपलेल्यांची संख्या एकूण खेळाडूंच्या वर्गमुळाच्या पटीत असली तरी सामना बरोबरीचा होतो. बहुमत लागत नाही, मूठभर पुरतात. बाकीचं काम गावकरी एकमेकांना फासावर चढवून करतात.

पार्टीतही हेच होताना मी पाहिलंय. एकदा अस्सल डॉपेलगँगर निघाला की पुढचे सहा आठवडे प्रत्येक सराईवाला, प्रत्येक म्हातारी, प्रत्येक शेळी तपासली जाते. लाकडं आणायला दोघं जातात, दोघांवर तिसरा नजर ठेवतो, पुजाऱ्याला दर रात्री उजेड करून दाखवावा लागतो. डीएम कंटाळतो. त्याला आता नवा तोतया आणायची गरजच उरलेली नसते.

‘बाल्डर्स गेट’च्या 1999च्या पुरवणीत ड्यरलॅगचा बुरूज आहे. ड्यरलॅग हा बुटक्यांमधला नामांकित वीर. त्याने बुरूज बांधला, घरच्यांना आणि स्नेह्यांना तिथे आणलं. हळूहळू त्यांची जागा डॉपेलगँगरांनी घेतली आणि एके दिवशी त्याला स्वतःच्या माणसांचे चेहरे असलेल्या सगळ्यांना कापून काढावं लागलं. वाचला तो एकटा. पुढची वर्षं त्याने एकाच कामात घालवली: जिन्याच्या पायऱ्यांत, दारांच्या कड्यांत, फरशांखाली सापळे बसवत राहिला. कोणासाठी, ते त्याने ठरवलं नव्हतं. खेळाडू त्या बुरजात शिरतात तेव्हा ड्यरलॅग मरून कितीतरी काळ लोटलेला असतो, आणि सापळे मात्र अजून चालू असतात. पहिल्याच मजल्यावर शहाणी पार्टी थांबते आणि चोराला पुढे घालते. योशिमो पुढच्या भागातला, तेव्हा इथे दुसरा कोणी असतो. तो खाली बसतो, फरशीवरून बोटं फिरवतो, आणि बाकीचे पाच जण श्वास रोखून त्याच्या हातांकडे पाहत राहतात.